जवानांना क्वार्टर बांधून द्यावेत, की घरभाडे भत्ता देऊन मोकळं व्हावं?

हिशेबनीस:
लष्कराच्या विवाहितांसाठी 2002 पासून ‘मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्ट’ चालू आहे, सुमारे 2 लाख घरांचा. काही वर्षांत आटोपायचं होतं, दोन दशकं उलटली. माझं मत: बांधकाम थांबवा, भत्ता द्या. नाईक हुद्द्याच्या जवानाचा सुरुवातीचा मूळ पगार 25,500. पुण्यात 30 टक्क्यांनी भत्ता 7,650, वर्षाला 91,800. क्वार्टरचा खर्च 30 लाख धरा. 7 टक्क्यांनी नुसतं व्याजच 2 लाख 10 हजार. देखभाल वेगळी. दुपटीहून जास्त कशाला मोजायचे?

देवळाली कॅम्प:
7,650 मध्ये वानवडी-घोरपडीला दोन खोल्या दाखवा, मग बोलू. भत्ता तोकडा आहे म्हणून तुम्हाला घर महाग दिसतंय. भाडं 15,000 धरलं तरी वर्षाचे 1,80,000 झाले, आणि ते वाढतच जाणार. बांधून झालेल्या घराचं व्याज आहे तिथेच राहतं. पुण्याचं तरी बरं. अहिल्यानगरला आर्मर्ड कोअरचं सेंटर आहे, पण शहर भत्त्याच्या सगळ्यात खालच्या ‘झेड’ वर्गात, म्हणजे 10 टक्के: 2,550 रुपये. वर्ग लोकसंख्येवर ठरतो, तिथल्या भाड्यावर नाही. त्यात दर दोन-तीन वर्षांनी बदली, करार 11 महिन्यांचा, डिपॉझिट आणि दलाली दर वेळी नव्याने. आणि नवरा फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, गेला की बायको-मुलांनी कुठे राहायचं? एसएफ (सेपरेटेड फॅमिली) क्वार्टर असतात ते त्यासाठीच.

हिशेबनीस:
फील्डवाल्यांसाठी एसएफ ठेवा, मान्य. पण सरसकट बांधून मिळतं काय? कोचीचं ‘चंदर कुंज’ हे लष्करी लोकांचं संकुल पाहा. फेब्रुवारी 2025 मध्ये केरळ हायकोर्टाने त्याचे दोन टॉवर असुरक्षित म्हणून पाडायला सांगितले.

सुपरवायझर:
गल्लत होतेय साहेब. चंदर कुंज आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनचं. ती 1978 ची संस्था, घरं सदस्यांच्या पैशातून बांधते. तो घेणाऱ्यांचा पैसा, संरक्षण बजेटचा नव्हे.

क्वार्टर वाया जातो तो बहुतेक वेळा संडास-बाथरूमच्या खाली. सन्कन स्लॅबचं (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबचं) वॉटरप्रूफिंग उरकलं जातं, नहाणी ट्रॅपचा (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा नीट भरत नाहीत, आणि पाणी कोंडून चाचणी घ्यायच्या आधीच टाइल बसते. किमान 48 तास पाणी उभं ठेवून खालच्या घराचं छत बघायला हवं. ते टाळलं की खालच्या छतात ओल, मग सळई गंजते, फुगते, प्लास्टर सुटतं. तोवर ठेकेदाराची दोष दुरुस्त करून द्यायची मुदत संपलेली असते आणि दुरुस्ती एमईएसच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्याच्या, गळ्यात. निधी आला नाही की मार्चिंग आउटनंतर (राहणाऱ्याने घर सोडल्यावर) तोच क्वार्टर कुलूपबंद, बाहेर वेटिंग लिस्ट तशीच. म्हणून माझं मत बांधण्याच्याच बाजूने, पण चाचणीच्या नोंदीवर एमईएसच्या गॅरिसन इंजिनिअरची सही नसेल तर बिल अडवा.

हिशेबनीस:
म्हणजे रिकामं घर आणि बाहेरच्या जवानाला भत्ता, दोन्ही एकदम. माझ्या गणितात हे धरलंच नव्हतं; धरलं तर तुमची बाजू आणखी लंगडी होते.

देवळाली कॅम्प:
लंगडी दुरुस्तीच्या निधीमुळे, बांधकामामुळे नाही. तो आधी वाढवा. निदान ‘झेड’ वर्गाच्या स्टेशनांवर तरी, कारण तिथे भत्ता हा पर्यायच नाही.