फ्री मोशन क्विल्टिंगचा सराव कमी खर्चात कसा करावा?

नवशिकी:
नमस्कार. घरच्या शिलाई मशीनवर सरळ टिपांच्या लहान गोधड्या मला जमतात. आता कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते खाली उतरवून, कापड दोन्ही हातांनी हवे तसे फिरवत वेलबुट्टी काढायला शिकावे असे मनात आहे. क्विल्टिंगचे खास सुती कापड आणि मधल्या थराचे बॅटिंग, दोन्ही महाग पडतात आणि ज्या तुकड्यांवर नुसता हात बसवायचा आहे त्यांवर एवढे पैसे घालणे जिवावर येते. जुन्या साड्या, चादरी चालतील का? दुसरे असे, की टाके कुठे मोठे तर कुठे अगदी बारीक पडतात आणि वळणावर कापडाच्या मागच्या बाजूस वरच्या दोऱ्याचे लांब फास दिसतात. हा दोष साहित्याचा की हाताचा?

टाके_टिपा:
विरलेल्या नसतील तर जुन्या सुती चादरी सरावासाठी उत्तम. विकतच घ्यायचे असेल तर मांजरपाट घ्यावा; तो स्वस्त असतो आणि त्यातील खळीमुळे कापडाला थोडा ताठपणा राहतो, जो शिकताना उपयोगी पडतो. सिंथेटिक साड्या मात्र टाळाव्यात, कारण त्या सरकतात, थर एकमेकांवरून घसरतात आणि मागे चुण्या पडतात. मधल्या थरासाठी बाळाची जुनी फ्लॅनेलची दुपटी किंवा पातळ ब्लँकेट चालेल. तीनही थर सपाट पसरून तळहाताच्या अंतरावर सेफ्टी पिना लावाव्यात.

तुकडा साधारण १२ ते १४ इंच चौरस असावा. त्याहून लहान तुकड्यावर दोन्ही हात टेकायला जागा उरत नाही आणि मग सगळे लक्ष कापड धरून ठेवण्यातच जाते. एकदा भरलेल्या तुकड्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने पुन्हा सराव करता येतो. मात्र टाक्यांची फार गर्दी झाली, की कापड पुठ्ठ्यासारखे कडक होते आणि त्यावर हात बसत नाही.

काटकसर कापडात आणि मधल्या थरात करावी, सुई-दोऱ्यात नको. डब्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रीळ हाताने ओढून पाहावे. सहज तुटत असेल तर ते मशीनवर लावूच नये. सुईही नवी घ्यावी, १४ नंबरची. बोथट सुईने टाका गळतो आणि शिकणारी बिचारी आपल्याच हाताला दोष देत बसते.

वाकळ:
फास मागच्या बाजूला आहेत म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण कमी पडतो आहे, किंवा वळणावर मशीनच्या गतीच्या मानाने हात फार वेगाने फिरत आहेत. आधी एक गोष्ट पाहा: डार्निंग फूट, म्हणजे या कामासाठी सुईभोवती बसवायचा मशीनचा पाय, कापडाला घट्ट दाबत नाही, त्यामुळे त्याची दांडी खाली करायची राहून जाते, आणि दांडी वर असेल तर दोऱ्याला ताणच मिळत नाही. तिथे सगळे ठीक असेल तर वर लाल आणि बॉबिनमध्ये निळा दोरा भरून शिवावे. मागे लाल ठिपके दिसले तर वरचा ताण थोडा वाढवावा, पुढे निळे दिसले तर कमी करावा. टाक्यांच्या लांबीचा प्रश्न बहुतेक हाताचाच असतो. मशीन एकसारख्या मध्यम गतीने चालू ठेवून हात सावकाश फिरवावेत; वळण आले की अनेकांचा पाय थांबतो आणि हात मात्र पुढे ओढतात.

सर्वांत स्वस्त सराव कागद-पेन्सिलीचा. पेन्सिल न उचलता वहीची पाठकोरी पाने भरावीत; रेघ स्वतःला न छेदता नागमोडी फिरत राहिली पाहिजे. मी तर ‘ळ’ला ‘ळ’ जोडत ओळीच्या ओळी काढायला सांगते, कारण त्यात डावी-उजवी दोन्ही वळणे येतात. तीच पाने नंतर दोरा न ओवता, टाकाऊ सुईने मशीनखाली रेघेवरून चालवावीत. ती सुई कापडासाठी पुन्हा वापरू नये.

टाके_टिपांच्या सल्ल्यात एक भर घालते. वाकळीसारखे जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर मशीनवर घेऊ नयेत. हाताच्या धावदोऱ्याला ते सोसतात, पण मशीनखाली तो गठ्ठा फिरवताना मनगटे भरून येतात. शिवाय खऱ्या क्विल्टमध्ये पॉलिएस्टरचे फुगीर बॅटिंग घालणार असाल, तर शेवटचे एक-दोन तुकडे त्याच बॅटिंगवर करून पाहावेत, कारण ते दुपट्यापेक्षा जास्त दबते आणि टाका वेगळा दिसतो.

नवशिकी:
दोघींचेही आभार. आईचे जुने काळे पायमशीनही घरात आहे, पण त्याचे दाते खाली जात नाहीत. त्यावर हे करता येईल का?

टाके_टिपा:
येईल. टाक्याची लांबी शून्यावर आणली, की दाते वरखाली होत राहतात, पण कापड पुढे ढकलत नाहीत. तरीही ते खालून घासत असतील, तर सुईसाठी भोक पाडलेला गुळगुळीत पातळ पुठ्ठा त्यांवर चिकटपट्टीने बसवावा. चाक मात्र उलटे फिरू देऊ नये, दोरा लगेच गुंततो. मशीनच्या डावीकडे त्याच उंचीचा पुस्तकांचा गठ्ठा रचला, तर कापड खाली लोंबत नाही आणि टाके बरेच सरळ येतात.

वाकळ:
भरलेल्या तुकड्यांना कडेने पट्टी लावून पायपुसणी करावीत. गरम भांडी उचलायला वापरायचे असतील, तर मधला थर शुद्ध सुतीच हवा. पॉलिएस्टरचे ब्लँकेट घातलेला तुकडा तापलेल्या कढईला लागला तर वितळतो.