कार्निव्हल म्हणजे ख्रिस्ती शिगमो का?

डिचोलीकर: नमस्कार. आठवीतल्या मुलीला गोव्यातल्या कार्निव्हलवर निबंध लिहायचा आहे. तिच्या पहिल्या परिच्छेदात दोन विधाने आहेत: हा उत्सव रोमन लोकांच्या सॅटर्नेलिया या सणातून आला, आणि तो म्हणजे ख्रिस्ती लोकांचा शिगमोच (आपला होळीचा उत्सव) होय. ही विधाने राहू द्यावीत का? शिवाय कार्निव्हल कधी फेब्रुवारीत, तर कधी मार्चमध्ये कसा येतो, हे तिला समजावताना माझीच पंचाईत झाली.

शब्दवेल्हाळ: पहिले विधान मी तरी खोडले असते. सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू होई; त्यात मालक आणि गुलाम यांच्या भूमिकांची उलटापालट होत असे, म्हणून साम्य वाटते खरे, परंतु साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. कार्निव्हलला अर्थ येतो तो त्याच्यामागून येणाऱ्या, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळामुळे. पूर्वी या काळात मांसाबरोबर अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असल्याने घरात उरलेले संपवून टाकणे भागच होते. इंग्लंडमध्ये उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, पॅनकेक करण्याची चाल त्यातूनच पडली. मध्ययुगीन इटलीतील ‘कार्नेलेव्हारे’ म्हणजे मांस दूर करणे, आणि स्पॅनिशमधला ‘कार्नेस्तोलेंदास’ हा जुना शब्दही तेच सांगतो. ‘कार्ने, वाले’, म्हणजे ‘मांसा, तुला रामराम’, ही फोड गोड आहे, पण मागाहून जुळवलेली.

तिथीवार: तारखेचे कोडे पंचांग हाताशी घेतले की सुटते. चर्चच्या गणितात वसंतसंपात २१ मार्चला धरतात आणि त्यानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार हा ईस्टर. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासाचा पहिला दिवस, येतो. मधले सहा रविवार वगळले की उपवासाचे ४० दिवस उरतात. कार्निव्हल त्या बुधवारच्या आदल्या दिवशी संपतो, म्हणजेच पौर्णिमेपासून साधारण दीड चांद्रमास मागे, अमावास्येच्या आसपास. ती पौर्णिमा चैत्राची असेल तर शिगमो कार्निव्हलच्या पाठोपाठ येतो. फाल्गुनाचीच असेल तर अंतर वाढते. २०२५ मध्ये कार्निव्हल ४ मार्चला संपला आणि १३ मार्चला होळी पेटली. २०२४ मध्ये मात्र १३ फेब्रुवारी आणि २४ मार्च, असे चांगले चाळीस दिवसांचे अंतर होते. दोन्ही सणांचा धागा चंद्राशी जोडलेला आहे, एवढेच नाते मला दिसते.

मडगावची: डिचोलीकर, मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा. पणजीला आपण जी चित्ररथांची मिरवणूक पाहतो, ती १९६५ पासूनची, गोवा मुक्त झाल्यानंतरची आहे आणि ब्राझीलमधल्या रिओच्या धर्तीवर पर्यटनासाठी सुरू झालेली आहे. ‘खा, प्या, मजा करा’ असे फर्मान काढणारा किंग मोमो हा मूळचा ग्रीकांचा थट्टेचा देव मोमुस. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र ‘इंत्रुज’ हाच शब्द असतो. तो पोर्तुगीज ‘एंत्रुदो’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी ‘प्रवेश’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे: उपवासकाळात प्रवेश. एंत्रुदो म्हणजे एकमेकांवर पीठ, पाणी आणि अंडी फेकण्याची धमाल. हीच चाल पोर्तुगीजांनी ब्राझीललाही नेली होती. तेव्हा रिओचे आपण अनुकरण केले म्हणण्यापेक्षा एका घरची दोन भावंडे उशिरा भेटली म्हणणे मला पटते.

खरा इंत्रुज गावात पाहावा. खेळ करणारी मंडळी वाड्यावाड्यांतून फिरतात, अंगण किंवा रस्ता हाच त्यांचा रंगमंच, आणि गावातल्या बड्यांची टवाळी हा हक्काचा विषय. चांदरला, म्हणजे कदंब राजांच्या जुन्या राजधानीत, ख्रिस्ती पुरुष हातांत मुसळे घेऊन ती तालावर जमिनीवर आपटत मुसळखेळ करतात. तो पाहिल्यावर ‘ख्रिस्ती शिगमो’ हे शब्द तुमच्या मुलीला का सुचले असतील ते कळते, पण निबंधात तिने दोन्ही सण आपापल्या नावानेच लिहावेत.

डिचोलीकर: सर्वांचे आभार. दोन्ही विधाने तिने स्वतःच खोडली. आता पणजीऐवजी चांदरला चला, असा तिचा हट्ट सुरू झाला आहे, आणि आमच्या आईला तर तिथे मुसळ कोणत्या लाकडाचे असते याचीच चौकशी करायची आहे.