नाताळची रेकॉर्ड : जिम रीव्ह्ज की बोनी एम?

मिरजेचा_थोरला
भावंडांत भांडण लागलंय, निकाल द्या. आम्ही मिरजेचे, पप्पा मिशन हॉस्पिटलात लॅबमध्ये. डिसेंबर लागला की कपाटावरचा रेकॉर्ड प्लेयर खाली यायचा. हात लावायचा मान फक्त पप्पांचा. आम्ही पोरं आईजवळ करंज्यांच्या कडा कातायला. गाणारा बाप्या होता, आवाज खर्जातला आणि घाई म्हणून नाहीच. एका गाण्यात तो सी-एच-आर-आय-एस-टी करत एकेक अक्षर सुटं गायचा. आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून, पण ख्रिसमसचं स्पेलिंग मला दुसरीतच पाठ. धाकटी म्हणते, 'कसला बाप्या? बायका गायच्या, मी नाचायचे, बोनी एम होतं ते.' तिला 'मेरीज बॉय चाइल्ड' तोंडपाठ आहे. रेकॉर्ड घर बदलताना गेली. पप्पाही नाहीत आता. कोण खरं?

जुनी_सुई
स्पेलिंगवरून तुमचा बाप्या सापडला. जिम रीव्ह्ज, 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस', 1963. ते अक्षरांचं गाणं त्यातच आहे. माणूस टेक्सासचा. पुढच्याच वर्षी, 31 जुलै 1964 ला, विमान अपघातात गेला, चाळिशीत.
पण बहीणही खोटी नाही. 'मेरीज बॉय चाइल्ड' रीव्ह्जच्या रेकॉर्डवर आहे आणि बोनी एम या डिस्को ग्रुपनेही गायलंय: 1978 ला सुटं, मग 1981 च्या ख्रिसमस अल्बमात. दोघांच्याही आधी, 1956 मध्ये, हॅरी बेलाफॉन्टेनं ते गाजवलं होतं. बहीण तुमच्यापेक्षा किती लहान?

मिरजेचा_थोरला
नऊ वर्षांनी! आत्ता उलगडलं. मामा आखातातून टू-इन-वन घेऊन आला, त्याच्यासोबत कॅसेटी होत्या. तोवर मी पुण्याला हॉस्टेलवर. म्हणजे तिच्या लहानपणी प्लेयर बंद पडून टेप सुरू झालेला. तिला फोन केला तर म्हणते, 'मग मी जिंकले.' कशी ते विचारू नका.

सांगलीची_सून
आमच्या सासरी रीव्ह्ज घरात, पण रात्री कॅरलची फेरी निघाली की सगळं मराठी. 'उपासना संगीत' हे चर्चचं गीतपुस्तक, ढोलकी, झांजा. ना. वा. टिळकांची भजनं अभंगाच्या चालीवर म्हटली की शेजारचे वारकरीही दारात येऊन टाळ धरायचे. तुमच्याकडे नव्हतं का?

मिरजेचा_थोरला
होतं की, आणि तिथं आजीचं राज्य. रेकॉर्डची एक बाजू संपली की ती पप्पांना म्हणायची, 'झालं का तुझ्या सायबाचं? आता पेटी काढ.' तिच्या मते टिळकांपुढे रीव्ह्ज म्हणजे झोप आणणारा माणूस. (खरं सांगायचं तर झोप यायचीच. म्हणून तर आवडायचा.) पप्पा मुकाट्यानं पेटी घ्यायचे आणि आजी वरच्या पट्टीत सुरू व्हायची. पप्पांची सुराशी झटापट चाललेली, ही आपली पुढच्या कडव्यावर पोचलेली. हे मात्र धाकटीलाही असंच आठवतं, त्याच्यावर भांडण नाही.
पेटी माझ्याकडे आहे, पण भाता फाटलाय. यंदा सगळे मिरजेत जमणार आहोत. 24 तारखेच्या आत कोण दुरुस्त करून देईल?

जुनी_सुई
सतारमेकरांकडे विचारा, पेटीवाला ते सांगतील. भात्याचं काम एका दिवसाचं नसतं, तेव्हा याच आठवड्यात टाका. आणि रीव्ह्जची रेकॉर्ड माझ्याकडे दोनदा आहे. एक चरे पडलेली, ती देतो.

मिरजेचा_थोरला
चरे चालतील. पत्ता मेसेज करतो.