ईस्टरचा ‘ऋतू’ की ‘काळ’?

अनुवादिका: ख्रिस्ती उपासनावर्षावरचा, म्हणजे वर्षभरातल्या सण-उपवासांच्या क्रमावरचा लेख मराठीत आणतेय, ‘सीझन’पाशी अडले. नाताळाआधीचा आगमनाचा सीझन, ईस्टरचा सीझन. मी ‘ऋतू’ लिहिलं, तपासनिसांनी खोडून ‘काळ’ केलं. पण मूळ लेखिकेने ‘वसंताचा सीझन’ आणि ‘ईस्टरचा सीझन’ एकाच वाक्यात मुद्दाम खेळवलेत. ‘काळ’ घातला की तो खेळच जातो.

उपासक: तपासनीस बरोबर आहेत. आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ हेच शब्द ऐकत वाढलोय. शिवाय ईस्टर वसंतात येतो तो उत्तर गोलार्धात. ऑस्ट्रेलियात तेव्हा शरद असतो, नाताळ ऐन उन्हाळ्यात. उपासनेचा काळ दोन्हीकडे तोच.

संस्कृतप्रेमी: ऋतू म्हणजे नुसतं हवामान नव्हे! वेदांत तो यज्ञाची नेमलेली वेळ आहे. ऋतूनुसार यजन करणारा तो ऋत्विज. ‘ऋतुप्राप्ती’त तरी कुठे आलं ऊनपाऊस? ‘ऋतू’च ठेवा.

उपासक: वेदात असेल हो. आजचा वाचक ‘ईस्टरचा ऋतू’ वाचून थबकेल, त्याचं काय?

फारसी-अरबीवाला: मग ‘मोसम’ घ्या. अरबी ‘मौसिम’ म्हणजे यात्रा-उत्सवाची ठरलेली वेळ. मोसमी वारे त्यातूनच आले. सण आणि हवामान दोन्ही एका शब्दात.

संस्कृतप्रेमी: घरचा शब्द असताना उसना कशाला?

फारसी-अरबीवाला: ‘नाताळ’ पोर्तुगीज आहे, तो चालतो ना?

अनुवादिका: ‘नाताळचा मोसम’ म्हटलं की मला सवलतीच्या जाहिराती दिसतात.

इंग्रजी शिकवणारा: ‘लेंट’ बघा, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ. जुन्या इंग्रजीत ‘लेंक्टेन’ म्हणजे वसंत, दिवस लांबू लागण्याचे दिवस. ऋतूचंच नाव उपवासाला चिकटलं. लॅटिन नावात मात्र चाळिसाचा आकडा आहे. आपला ‘चाळीस दिवसांचा उपवास’ लॅटिनच्या जवळचा.

पंचांगवाला: ईस्टर ऋतूपेक्षा चंद्राचा सण आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या, चर्चच्या गणिताने ठरवलेल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून २२ मार्च ते २५ एप्रिल असा सरकतो. नाताळ २५ डिसेंबरला पक्का.

उपासक: पण २१ मार्च हा वसंतसंपातच, दिवस-रात्र सारखे होण्याचा दिवसच धरलाय ना? म्हणजे ऋतू आलाच.

संस्कृतप्रेमी: शेवटी तुम्हीच ‘ऋतू’ म्हणालात!

अनुवादिका: माझं वाक्य अजून तसंच आहे. उद्या लेख द्यायचाय.

इंग्रजी शिकवणारा: बरं, पोर्तुगीज ‘नताल’च्या शेवटी ल आहे, मराठीत ळ. ‘नाताल’ लिहिलेलं कुणी पाहिलंय का?