दादाची शेगडी: घरी जोडायची की जोडून आणायची?

ग्रुप: वाड्यातली मंडळी
शनिवार

दादा (ह्यूस्टन), संध्या. 6:40
फोटो बघा. काल हा खोका आला. पेलेट ग्रिल. 60 किलोच्या वर वजन आहे, डिलिव्हरीवाला गॅरेजच्या दारात टेकवून पळाला. दुकानवाले फुकट जोडून देतात, पण त्यांची तारीख पुढच्या गुरुवारची. इकडे सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी आणि 12 माणसं जेवायला. स्वतःच जोडू का? हिचं म्हणणं नको.

वहिनी, 6:43
मी नको म्हटलेलं नाही. पाळण्याची आठवण करून दिली फक्त.

दादा, 6:43
पाळणा उभा राहिला होता.

वहिनी, 6:44
राहिला ना. चौथ्यांदा.

आत्या, 6:50
अरे पण हे आहे काय? तुझ्याकडे अंगणात गॅसची शेगडी आहे ना?

दादा, 6:54
आहे गं. ही लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालते. गोळ्या म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या, दाबून केलेल्या. ओक, हिकरी, सफरचंदाचं लाकूड, हवं ते घ्यायचं. बाजूच्या डब्यात ओतायच्या. विजेवर फिरणारा एक दांडा त्या थोड्या थोड्या आत ढकलतो, खाली लोखंडी वाटीत त्या जळतात, पंखा वारा घालतो. तापमान लावून द्यायचं, निखारे फुंकत बसायला नको. ब्रिस्केट, म्हणजे छातीकडच्या मांसाचा मोठा तुकडा, 225 फॅरनहाइटला 10-12 तास ठेवतात.

आत्या, 6:56
225 म्हणजे आपले किती?

पिंट्या, 6:56
107

आत्या, 6:58
उकळत्या पाण्याहून जरासंच जास्त. आणि 12 तास! तेवढ्यात माझ्या शेवया होऊन गच्चीवर वाळून खाली येतात.

नानाकाका, 7:05
तो दांडा मळसूत्री आहे का?

दादा, 7:06
हो काका. ऑगर म्हणतात त्याला.

नानाकाका, 7:10
मग आत्याकडे तेच यंत्र आहे. बाजेला आवळून बसवायचं, हँडल फिरवलं की आतला स्क्रू पीठ पुढे रेटतो. तुझ्याकडे हँडलच्या जागी मोटर, एवढाच फरक. आता मला एक सांग. मोटर, ऑगर, पंखा, पेटवायची कांडी हे कंपनीतून बसवून आलंय की तुला बसवायचंय? पुस्तिका बघ, अंदाजाने सांगू नकोस.

दादा, 7:21
बघितलं. सगळं बसवलेलं आहे. मला पाय, चाकं, बाजूची फळी, धुराडं, झाकणाची मूठ, आतले दोन पत्रे आणि चरबी गोळा व्हायची बादली.

नानाकाका, 7:23
मग तू शेगडी जोडत नाहीयेस, टेबल जोडतोयस. जोड.

पिंट्या, 7:25
किंवा पैसे देऊन माणूस बोलव. दोन तासांत मोकळा.

नानाकाका, 7:31
पैशाचा प्रश्न नाही रे. गोळ्या ओल्या झाल्या की फुगतात आणि त्यांचा पुन्हा भुसा होतो. तो ऑगरमध्ये घट्ट बसला की कधी ना कधी ते उघडावं लागणार. तेव्हा कुठला पत्रा कुठल्या बोल्टवर आहे हे ज्याने जोडलं त्यालाच ठाऊक असतं. ह्यूस्टनची हवा आपल्या मुंबईसारखी दमट ना?

वहिनी, 7:33
मुंबई परवडली.

आत्या, 7:34
मग गोळ्या झाकणाच्या डब्यात ठेव. पोहे ठेवतो तशा.

वहिनी, 7:38
काका, मी दुकानाच्या बाजूची नाही हो. माझ्या मैत्रिणीकडे जोडून आलेलं ग्रिल होतं. तिने विश्वासाने चालू केलं, तर आतल्या पत्र्याखाली पॅकिंगचा पुठ्ठा तसाच! माझं म्हणणं एवढंच की ह्यांची कंबर दोन वर्षांपूर्वी धरली होती आणि खोका 60 किलोचा आहे.

आई, 7:39
एकट्याने उचलायचं नाही. सांगून ठेवते.

नानाकाका, 7:52
खोका उचलायचाच नाही. जागेवरच कड कापून उघड. सुटे भाग बहुतेक शेगडीच्या मुख्य पिंपाच्या पोटातच भरलेले असतील, ते आधी काढ म्हणजे वजन उतरेल. मग खोक्याचाच पुठ्ठा अंथर, पिंप त्यावर आडवं कर आणि तसेच पाय लाव. उभं करताना मात्र दोन माणसं. शेजारच्याला हाक मार.
बोल्ट आधी सगळे हाताने, तीन-चार आटे फक्त. एकही आवळायचा नाही. चारही पाय लागले, उभं केलं, सपाट जमिनीवर आलं की मग पान्याने आवळ, समोरासमोरचे. पहिलाच बोल्ट कचकचून आवळलास तर शेवटच्याचं भोक जुळणार नाही आणि तू तो तिरका घुसवशील. पत्र्याला वेल्ड केलेला नट असतो, त्याचे आटे गेले की गेले. ड्रिल मशीनला हात लावू नकोस. वायसर एका वाटीत काढून ठेव.

दादा, 7:54
ड्रिल चार्जिंगला लावलं होतं. काढतो.

पिंट्या, 7:58
वाचलं आत्ताच, ही मूळ ओरेगनची भानगड. ट्रेगरवाल्यांनी 1986 मध्ये पेटंट घेतलं, 2006 ला ते संपलं आणि मग बाकीच्या कंपन्या उतरल्या. दादा, दिवाळीला येताना एक आण ना.

दादा, 8:01
तिची वीज 120 व्होल्टची. आणि गोळ्या कुठून आणशील?

पिंट्या, 8:02
इथे बॉयलरच्या मिळतात.

नानाकाका, 8:03
त्यावर मांस भाजून तूच खा.

दादा, रात्री 10:48
उभी राहिली! फोटो.

नानाकाका, 10:55
डावीकडे कललीये.

दादा, 10:56
फोटो तिरका आहे काका.

नानाकाका, 10:57
मागची भिंत सरळ दिसतेय. वरच्या फळीवर ताटलीत पाणी ठेव आणि पुन्हा फोटो पाठव.

दादा, 11:04
😐

नानाकाका, 11:05
चाकांच्या बाजूचे पाय आखूड असतील, चाकाची उंची धरून. तू ते दुसरीकडे लावलेस. अशीच ठेवली असतीस तर चरबी बादलीकडे न जाता उलटी वाहिली असती आणि कधीतरी आतच पेटली असती.

वहिनी, 11:06
पाळणा.

दादा, 11:50
बदलले. अजून बोल्ट हाताचेच होते म्हणून वाचलो. पाणी सपाट. झोपा आता काका.

रविवार

दादा, सकाळी 6:35
इकडे शनिवारची रात्र. गोळ्या घातल्या, चालू केली, पाच मिनिटं झाली तरी काही नाही. पंख्याचा आवाज येतोय फक्त.

नानाकाका, 6:41
ऑगर रिकामा आहे. गोळ्या या टोकापासून वाटीपर्यंत पोचायला वेळ लागणारच. थांब.

दादा, 6:46
पेटली!

आत्या, 7:02
अगंबाई, व्हिडिओत केवढा धूर! आत काय ठेवलंयस?

दादा, 7:04
काही नाही आत्या. पहिल्यांदा रिकामीच तापवायची असते, अर्धा-पाऊण तास. कारखान्यातलं तेल जळून जातं. तू नवा बिडाचा तवा तापवून घेतेस तसं.

आत्या, 7:05
आणि शेजारी?

वहिनी, 7:07
आलेत कुंपणाशी. वास छान येतोय, काय शिजतंय म्हणाले. पाय लावताना मदतीला आलेले तेच. सोमवारी या म्हटलं. 14 माणसं झाली.

आत्या, 7:08
पनीर वाढव. आणि ते वेगळ्या जाळीवर, मांसाच्या खाली नको.