एलटीओ-४ ड्राइव्ह: साफ करूनही क्लीनिंगचा दिवा परत लागतो, बॅकअप रेंगाळतो

निशिगंध:
मंडळी, आमच्या संग्रहातली ध्वनिमुद्रणं आणि स्कॅन केलेली कागदपत्रं एलटीओ-४ टेपांवर (डेटा साठवायच्या चुंबकीय फितींच्या कार्ट्रिजवर) आहेत. ड्राइव्ह स्कझी जोडणीचा (जुन्या पद्धतीच्या केबलचा), बराच जुना. पूर्वी रात्री लावलेला बॅकअप पहाटेच्या आत उरकायचा, आता सकाळी मी कामावर येते तरी चालूच असतो. आवाजही बदललाय. आधी एकसलग घरघर असायची. आता जरा पुढे, थांबा, मागे, परत पुढे. क्लीनिंग कार्ट्रिज घातली की दिवा विझतो आणि एक-दोन बॅकअपनंतर पुन्हा लागतो. शिवाय काही टेपा ८०० जीबी व्हायच्या खूप आधी संपतात. नव्या ड्राइव्हला अजून मंजुरी नाही. तोवर रोज क्लीनिंग केलं तर चालेल का?

फीतवाला:
रोज अजिबात करू नका. क्लीनिंगची फीत मुद्दाम खरखरीत केलेली असते, प्रत्येक वेळी हेड, म्हणजे फितीवर लिहिणारा-वाचणारा भाग, थोडं घासलं जातं. ड्राइव्हने मागितलं तरच करायचं. आणि त्या कार्ट्रिजलाही मर्यादा असते, सहसा जास्तीत जास्त ५० वेळा. आतल्या चिपमध्ये मोजणी होते. मोजणी भरली की ड्राइव्ह ती साफ न करताच बाहेर ढकलतो, हे आधी तपासा.

तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींचं मूळ एकच असेल असं नाही, म्हणून त्या सुट्या करून बघू.

पुढे-मागे होणारा आवाज म्हणजे ड्राइव्ह डेटाविना उपाशी राहतोय. एलटीओ-४ चा पूर्ण वेग सेकंदाला १२० एमबी. समोरून डेटा हळू आला तर तो वेग कमी करतो, पण तेही साधारण ३०-४० एमबीपर्यंतच, ड्राइव्हच्या बनावटीनुसार. त्याखाली गेलं की फीत थांबवायची, मागे न्यायची आणि परत धाव घेऊन लिहायचं. यात वेळ जातोच, शिवाय फीत आणि हेड दोन्ही झिजतात. लाखभर छोट्या स्कॅन फायली नेटवर्कवरून थेट टेपवर जात असतील तर दोष ड्राइव्हचा नाही. त्यांची आधी स्थानिक डिस्कवर एक मोठी टार फाइल (सगळ्यांचा एकच गठ्ठा) करा, मग ती टेपवर सोडा. मध्ये एमबफर हा प्रोग्राम लावून मोठा बफर (डेटा तात्पुरता साठवायची जागा) दिलात तर उत्तम. पुरेसा डेटा मिळाला तर अख्खी टेप दोन तासांच्या आत भरते. रात्रभर चालणाऱ्या बॅकअपचं कोडं बहुधा इथेच सुटेल.

खरी काळजी मला लवकर संपणाऱ्या टेपांची वाटते. या ड्राइव्हमध्ये लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारं हेड असतं. लिहिलेलं तिथल्या तिथे वाचून पाहिलं जातं आणि नीट उमटलं नसेल तर तोच भाग पुढच्या फितीवर पुन्हा लिहिला जातो. सॉफ्टवेअरला याचा पत्ता नसतो. बॅकअप यशस्वी दिसतो, फक्त फीत जास्त खर्च होते. म्हणजे ८०० जीबीची टेप ६०० वरच संपली तर तिच्यावर किंवा हेडवर काहीतरी बिघडलंय हे नक्की. एक कोरी, नवी टेप घ्या आणि तोच डेटा स्थानिक डिस्कवरून लिहा. तीही लवकर संपली तर ड्राइव्हकडे बोट, नाहीतर जुन्या टेपांकडे.

दिव्याबद्दल: प्रत्येक वेळी तो लागायच्या आधी कोणती टेप आत होती ते बारकोडसकट लिहून ठेवा. एखादी खराब टेप कण सोडते, ते हेडवर बसतात आणि शिक्षा पुढच्या चांगल्या टेपेला होते. लिनक्स असेल तर एसजी_लॉग्ज या आज्ञेने टेपअलर्टचं, म्हणजे ड्राइव्हने दिलेल्या इशाऱ्यांचं, पान २ई वाचा. त्यात इशारा क्रमांक २० म्हणजे आत्ता साफ करा, २२ म्हणजे क्लीनिंग कार्ट्रिज संपली, ४ म्हणजे टेप गडबडीची, ३० किंवा ३१ म्हणजे ड्राइव्हचं हार्डवेअर. पान २ आणि ३ वर लिहिण्या-वाचण्याच्या चुकांचे आकडे असतात. टेपअलर्टचं पान बरेचदा एकदा वाचलं की पुसलं जातं, म्हणून बॅकअप सॉफ्टवेअर ते आधीच वाचून टाकत नाही ना ते पाहा आणि त्याचा लॉगही तपासा.

जुना_सर्व्हर:
केबलही विसरू नका. स्कझी आहे म्हणता तर शेवटी एलव्हीडी टर्मिनेटर (साखळीच्या टोकाला लावायचा जोड) घट्ट बसलाय का, पिना वाकल्यात का बघा. कर्नल लॉगमध्ये (संगणकाच्या आतल्या नोंदींत) बस रीसेट, म्हणजे जोडणी पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होणं, दिसत असतील तर आधी दुसरी केबल लावा. आणि ड्राइव्हसमोर पुठ्ठ्याची खोकी रचू नका. पंखा समोरची हवा आत ओढतो, पुठ्ठ्याची भुकटी सरळ हेडपर्यंत जाते.

निशिगंध:
मोठी टार फाइल करून लिहिलं आणि ती पुढे-मागेची कुरकुर थांबली! नवी टेप जवळपास पूर्ण भरली. टेपअलर्टमध्ये ४ आणि २० येतात, ३० नाही. नोंदी लावल्या तर दिवा दर वेळी त्याच दोन टेपांनंतर लागतोय. दोन्हींवर जुनी ध्वनिमुद्रणं आहेत, काहींची दुसरी प्रतच नाही. डेटा काढून घेतल्यावर या टेपा डीगाऊसरने (चुंबकाने पुसणाऱ्या यंत्राने) पुसून परत वापरता येतील का?

फीतवाला:
डीगाऊसर नको. टेपेवर कारखान्यातच सर्वो पट्टे लिहिलेले असतात, हेड त्यांच्याच आधाराने आपली जागा शोधतं. डीगाऊसरने तेही पुसले जातात आणि कोणताही ड्राइव्ह ते परत लिहू शकत नाही. तशाही या दोन टेपा डेटा निघाल्यावर निवृत्तच करा.

आता माझं ठाम मत. या ड्राइव्हवर नवीन काही लिहिणं आजपासून थांबवा. नवे बॅकअप सध्या डिस्कवर घ्या, तेही दोन वेगवेगळ्या डिस्कवर. ड्राइव्हमध्ये जेवढी धुगधुगी आहे ती सगळी वाचनासाठी राखून ठेवा. ज्यांची दुसरी प्रत नाही त्या टेपा आधी, पण त्यातही चांगल्या अवस्थेतल्या पहिल्या आणि या दोन कण सोडणाऱ्या सर्वांत शेवटी. त्यांच्यापायी हेड माखलं तरी तोवर बाकीचं सुरक्षित झालेलं असेल.

आत घालण्याआधी प्रत्येक टेपेची लिहिण्याची कळ बंद बाजूला सरकवा. मग कार्ट्रिजचं छोटं दार बोटाने उघडून आत बघा. फितीच्या टोकाला धातूची बारीक पिन असते, ती दोन्ही टोकांना खाचेत सरळ बसलेली हवी. तिरकी झाली असेल, किंवा टेप कधी खाली पडली असेल, तर आत घालू नका. ड्राइव्हने ती पिन चुकीची पकडली तर फीत आत अडकेल आणि ड्राइव्हही जाईल.

वाचताना एखाद्या ठिकाणी चूक येऊन अडलं तर तिथेच पुन्हा पुन्हा रेटू नका. टेप चालवणाऱ्या एमटी आज्ञेच्या एफएसएफने पुढच्या फाइलखुणेवर (जिथे पुढची फाइल सुरू होते तिथे) जा, आधी बाकीचं काढा, अडलेल्या जागी नंतर परत या. लिनक्समध्ये ड्राइव्हला दोन नावं असतात, त्यातलं उपकरण मात्र एनएसटी० वापरा. एसटी० दर वेळी काम झालं की टेप मुळापर्यंत गुंडाळतं आणि तुमची जागा हरवते. काढलेल्या फायलींचे चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचे आकडे) लगेच घ्या आणि दोन-चार ध्वनिमुद्रणं खरोखर लावून ऐका.

मंजुरीच्या कागदात एलटीओ-६ असं स्पष्ट लिहा. एलटीओ-५ आणि ६ तुमच्या टेपा वाचतात, एलटीओ-७ आणि त्यापुढचे वाचत नाहीत. "नवीनच घेऊ" म्हणून कोणी एलटीओ-८ मंजूर करून दिला तर या टेपांपुरता त्याचा काहीच उपयोग नाही.

निशिगंध:
कागद आजच बदलून देते. वाचन उद्यापासून, एकच प्रत असलेल्या टेपांची यादी काढायला घेतलीय.