गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात निवड चाचणी द्यावी का?

जर्सी नऊ: मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून चार वर्षे बास्केटबॉल खेळते. मार्चमध्ये रिबाउंड (बास्केटला लागून परत आलेला चेंडू) घेऊन खाली येताना डावा पाय सिमेंटच्या कोर्टवर रुतल्यासारखा राहिला, अंग मात्र उजवीकडे फिरले आणि गुडघ्यातून ‘खट’ असा आवाज आला, जो बाकावरच्या मुलींनाही ऐकू गेला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतले, मांडीचे आणि नडगीचे हाड जोडून ठेवणारे लिगामेंट (अस्थिबंध), पूर्ण तुटल्याचे दिसले. एप्रिलमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूंचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) घेऊन नवे लिगामेंट बसवण्यात आले. आता सहा महिने झाले आहेत, दुखत नाही, आणि रंकाळ्याभोवती सकाळी एक फेरी मी न थांबता धावते. पुढच्या महिन्यात विद्यापीठ संघाची निवड चाचणी आहे. सरळ धावतेस म्हणजे बरी झालीस, असे प्रशिक्षक म्हणतात. शेजारच्या तालमीतले काका गुडघा तेलाने चोळून घे म्हणतात. आणि आई तर खेळाचे नावच काढू देत नाही. मी काय करावे?

गुडघेदुखीवाला: मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सरळ धावताना एसीएलवर फारसा ताण येत नाही. तो येतो एकदम थांबताना, वळताना आणि उडीवरून उतरताना, म्हणजे तुमच्या खेळात घडोघडी. शिवाय बसवलेल्या टेंडनचा मूळ रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे तो पहिल्या काही आठवड्यांत उलट कमकुवत होतो आणि लिगामेंट म्हणून मुरायला त्याला पुढे कित्येक महिने लागतात. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि खेळाडूंची फसगत नेमकी तिथेच होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात असे आढळले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने पूर्ण होईपर्यंत खेळात परतणे लांबवले, तर लांबवलेल्या दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण साधारण निम्म्याने घटत गेले. त्याच अभ्यासात ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्के खेळाडूंना गुडघ्याची पुन्हा दुखापत झाली, तर त्या पार करणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांना.

तेव्हा मांडीची ताकद आणि एका पायावरील उडीचे अंतर उजव्या पायाच्या निदान ९० टक्के भरते का, ते मोजून घ्या. गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटे वर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेरही पाहा. स्नायू किती भरला आहे याचा त्यावरून ढोबळ अंदाज येतो. बसून राहिल्याने उजवा पायही उतरलेला असतो, हे विसरू नका, नाहीतर तुलना उगाच सुखावणारी ठरेल. तेलाने त्वचा मऊ होते, लिगामेंट नव्हे. काकांचा राग येऊ देऊ नका, पण गुडघाही त्यांच्या हाती देऊ नका.

माजी पॉइंट गार्ड: अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या पेज बेकर्सचे उदाहरण पाहावे. पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये, ती देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्या डाव्या गुडघ्याजवळचे हाड मोडले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच गुडघ्याचे एसीएल तुटले. ती २०२२-२३ चा संपूर्ण हंगाम बाहेर बसली, एकही सामना खेळली नाही. एप्रिल २०२५ मध्ये मात्र तिने संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि डब्ल्यूएनबीए या तिथल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत तिला पहिला क्रमांक मिळाला. आपल्याकडे तशी साधने नाहीत, हे मान्य. पण एक हंगाम सोडायला साधने लागत नाहीत, आणि तुम्ही एम.एस्सी.ला प्रवेश घेणार असाल तर पुढचे वर्षही हातात आहे. वयोमर्यादेचे नियम तेवढे क्रीडा संचालकांकडून आताच विचारून घ्या.

जर्सी नऊ: सर्वांचे आभार. काल टेप लावला, डावी मांडी दीड सेंटीमीटरने बारीक भरली. या वेळी नाव देत नाही, असे प्रशिक्षकांना सांगितले. ते नाराज झाले, पण चालेल. एक शंका: उडीची चाचणी कॉलेजच्या कोर्टवरच करून पाहू का?

गुडघेदुखीवाला: एकट्याने मुळीच नको, आणि सिमेंटवर तर नकोच. आधी दोन्ही पायांनी वीतभर उंचीच्या पायरीवरून उतरून पाहा आणि मैत्रिणीला समोरून मोबाईलवर चित्रित करायला सांगा. उतरताना डावा गुडघा आत झुकत असेल, किंवा संध्याकाळी त्यावर सूज येत असेल, तर एका पायावर उडी मारण्याची वेळ अजून आलेली नाही.